मामा, दीर आणि दीडफुटी शब्द

२३ मे १६१८. प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांचा जमाव शिरला आणि वरच्या मजल्यावरच्या कचेरीत राजाच्या कॅथलिक कारभाऱ्यांना जाब विचारू लागला. बोलाचालीवरून प्रकरण हातघाईवर आले. व्हिलेम स्लावाटा आणि यारोस्लाव्ह मार्टिनिट्झ या दोन कारभाऱ्यांना सरदारांनी उचलून खिडकीबाहेर फेकले. पाठोपाठ फिलिप फाब्रिसियस या चिटणिसाचीही तीच गत झाली. खिडकीपासून खालच्या खंदकापर्यंतचे अंतर सुमारे वीस मीटर होते, तरी तिघेही जगले. कॅथलिकांनी ही मेरीमातेची कृपा मानली, तर प्रोटेस्टंटांनी खाली साचलेल्या उकिरड्याकडे बोट दाखवले. सम्राटाने पुढे फाब्रिसियसला सरदारकी दिली आणि त्याच्या नावापुढे ‘फॉन होहेनफाल’, म्हणजे ‘उंचावरच्या पतनाचा’, असा किताब जोडला.

या फेकाफेकीतून पेटलेले युद्ध १६४८ पर्यंत, तब्बल तीस वर्षे चालले आणि त्याने मध्य युरोप उद्ध्वस्त केला. इंग्रजी भाषेला मात्र या घटनेतून एक शब्द मिळाला: डीफेनेस्ट्रेशन. लॅटिनमध्ये ‘डे’ म्हणजे ‘पासून, खाली’ आणि ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी. माणसाला किंवा वस्तूला खिडकीतून बाहेर फेकण्याची क्रिया, एवढाच त्याचा अर्थ. प्रागमध्ये १४१९ सालीही असाच प्रकार घडला होता, म्हणून इतिहासकार या दोन्ही घटनांना हेच नाव देतात.

खिडकीसाठी फ्रेंच आणि जर्मन भाषांनी ‘फेनेस्ट्रा’चीच रूपे वापरात ठेवली. पोर्तुगीजांनी निराळा लॅटिन शब्द उचलला. ‘इआनुआ’ म्हणजे दार. त्याचे लघुरूप होऊन ‘छोटे दार’ या अर्थाने पोर्तुगीज ‘जानेला’ तयार झाला आणि तोच गोव्याच्या कोकणीत ‘जनेल’ म्हणून रुळला. दारांचा रोमन देव यानुस, त्याच्या नावाचा जानेवारी महिना आणि इमारतीची देखभाल करणारा इंग्रजी जॅनिटर हे सगळे त्याच दाराशी नाते सांगणारे आहेत.

इंग्रजी शब्दकोशात असे शेकडो अनवट शब्द आहेत. पहिल्या भेटीत ते दगडासारखे वाटतात. पण त्यांचे लॅटिन तुकडे ओळखता आले, तर प्रत्येकात रोमन घर, रोमन सैन्य किंवा मध्ययुगीन चर्चमधला एखादा प्रसंग सापडतो. आणि मराठी वाचकाच्या हाती तर आणखी एक किल्ली आहे, ती म्हणजे संस्कृत.

शिंगाच्या दौतीतले शब्द

लॅटिन शब्द इंग्रजीत टप्प्याटप्प्याने आले. अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये उतरण्याआधीच, मुख्य युरोपात रोमनांशी व्यापार करताना त्यांनी वाइन, चीज, वॉल, माइल यांची मूळ रूपे उचलली होती. ‘माइल’ म्हणजे ‘मिल्ले पासुस’, हजार पावले. इ.स. ५९७ मध्ये ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये पोहोचला आणि चर्चबरोबर शब्दांची दुसरी लाट आली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या अंगावर बसून लॅटिन पुन्हा शिरली. सर्वांत मोठा लोंढा मात्र सोळाव्या शतकातला. छापखाने सुरू झाले होते, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे होत होती, आणि वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान या विषयांवर इंग्रजीत लिहायचे तर शब्दच पुरत नव्हते. लेखकांनी थेट लॅटिनमध्ये हात घातला.

याला विरोधही कडवा झाला. त्या काळी शाई शिंगाच्या दौतीत ठेवत. लेखणी बुडवून बुडवून जड शब्द काढणाऱ्यांना उद्देशून ‘शिंगदौतीतले शब्द’ असा शेरा रूढ झाला. टॉमस विल्सन याने १५५३ मध्ये वक्तृत्वशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि त्यात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक पत्र नमुन्यादाखल दिले. अशा भाषेत कोणी लिहू नये, हे त्याला दाखवायचे होते.

त्या पत्रातल्या शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. सेलिब्रेट, कपॅसिटी, डेक्स्टेरिटी आणि इंजिनियस हे त्यातले चार शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात. त्याच पत्रातला ‘ऑब्टेस्टेट’, म्हणजे ‘काकुळतीने विनवणे’, हा मात्र जवळजवळ मेला. पाचांचे कुळ एक आणि जन्माचा काळही एक. तरी चार जगले नि पाचवा गेला. कोणता परका शब्द टिकेल हे त्या काळातले विद्वान ठरवू शकले नाहीत, बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांनीच ते ठरवले.

नव्या शब्दांचा अर्थ सामान्य वाचकाला लागेना, म्हणून रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ मध्ये सुमारे अडीच हजार अवघड शब्दांची अकारविल्हे यादी छापली. इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश तो हाच. लॅटिन शिकण्याची संधी न मिळालेल्या स्त्रियांना आणि इतर वाचकांना ग्रंथ व प्रवचने समजावीत, हा हेतू त्याने मुखपृष्ठावरच जाहीर केला होता. म्हणजे इंग्रजी कोशवाङ्मयाचा जन्मच लॅटिन शब्दांच्या अडचणीतून झाला.

रोमन घरातली नाती

आता मराठी माणसाला सर्वांत जवळच्या वाटतील अशा शब्दांकडे वळू. इंग्रजीत काका, मामा, आतोबा, मावसोबा या सगळ्यांना एकच ‘अंकल’. रोमन लोक असा गोंधळ करत नसत. बापाचा भाऊ तो ‘पात्रुउस’ आणि आईचा भाऊ तो ‘अवुंकुलुस’. बापाची बहीण ‘आमिता’ आणि आईची बहीण ‘मातेर्तेरा’. काका, मामा, आत्या, मावशी अशी चारही नाती मराठीसारखीच वेगवेगळी होती.

जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना यांतले दोनच शब्द टिकले. ‘अवुंकुलुस’ झिजून अंकल झाला आणि ‘आमिता’ झिजून आंट. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने इंग्रज माणूस आपल्या काकालाही मामाच म्हणतो आणि मावशीलाही आत्याच म्हणतो. ‘पात्रुउस’ इंग्रजीत पोहोचलाच नाही. त्याचे संस्कृत भावंड मात्र ‘पितृव्य’ या रूपात आपल्या परिचयाचे आहे.

‘अव्हंक्युलर’ हे विशेषण याच मामापासून निघाले. वयाने मोठा, जिव्हाळ्याने वागणारा, थोडे लाड करणारा असा माणूस म्हणजे अव्हंक्युलर. रोमन साहित्यात काका हा धाक दाखवणारा, कान उपटणारा म्हणून प्रसिद्ध होता, तेव्हा या विशेषणासाठी मामा उरला हे योग्यच झाले. मानवशास्त्रात मामा-भाच्याच्या खास नात्याला ‘अव्हंक्युलेट’ म्हणतात. जावळ काढताना बाळाला मांडीवर घेणारा आणि लग्नात भाचीला बोहल्यापर्यंत आणणारा मामा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. इरावती कर्वे यांच्या १९५३ सालच्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहांची सविस्तर चर्चा आहे.

‘नेपोटिझम’ हा त्यामानाने ओळखीचा शब्द, पण त्याच्या पोटातली कथा कमी लोकांना ठाऊक असते. ‘नेपोस’ म्हणजे आधी नातू, आणि पुढे भाचा-पुतण्याही. पोपना विवाहाची मुभा नव्हती, त्यामुळे औरस वारस नसे. अनेकांनी ती जागा भाचे-पुतण्यांनी भरून काढली. तिसरा कॅलिक्स्टस याने १४५६ मध्ये रोद्रिगो बोर्जिया या आपल्या भाच्याला कार्डिनल केले. तो पुढे सहावा अलेक्झांडर म्हणून स्वतः पोप झाला. चौथ्या सिक्स्टसने १४७१ मध्ये पुतण्या जुलियानो देल्ला रोव्हेरे याला कार्डिनलपद दिले. तो पुढे दुसरा ज्युलियस झाला. ही प्रथा इतकी रुळली की ‘कार्डिनल-पुतण्या’ हे जवळजवळ अधिकृत पदच बनले. ग्रेगोरिओ लेती याने १६६७ मध्ये रोममधल्या या पुतणेशाहीवर इटालियनमध्ये पुस्तक लिहिले आणि त्याच्या मथळ्यातला शब्द लवकरच इंग्रजीत उतरला. अखेर बाराव्या इनोसंटने १६९२ मध्ये फर्मान काढून ही प्रथा मोडीत काढली. ‘नेपोस’चे संस्कृत रूप ‘नप्तृ’, आणि ‘नप्तृ’ प्राकृतातून झिजत मराठीत आला तो ‘नातू’ होऊन. वशिल्याच्या नेमणुकांवर टीका करताना मराठी माणूस ‘नेपोटिझम’ म्हणतो, तेव्हा तो नकळत नातवाचेच नाव घेत असतो.

यापेक्षाही अनवट आहे ‘लेव्हिरेट’. नवरा निपुत्रिक वारला तर त्याच्या भावाने विधवा भावजयीशी विवाह करण्याची चाल. ज्यू धर्मग्रंथांतल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तिचा नियम सांगितला आहे. लॅटिनमध्ये ‘लेविर’ म्हणजे नवऱ्याचा भाऊ. लॅटिनच्या काही शब्दांत मूळच्या ‘द’चा ‘ल’ झाला. अश्रू या अर्थाचा ‘लाक्रिमा’ पूर्वी ‘दाक्रुमा’ होता, तसाच हा ‘लेविर’ही मूळचा ‘द’कारी. ‘ल’च्या जागी ‘द’ ठेवून पाहिला की संस्कृत ‘देवृ’ समोर येतो आणि देवृच्या घराण्यातला मराठी शब्द म्हणजे ‘दीर’. लेव्हिरेट म्हणजे दिराशी विवाह, इतका सरळ अर्थ या अवघड दिसणाऱ्या शब्दात बसलेला आहे. बायबलमधल्या ‘लेव्हिटिकस’ या नावाशी मात्र त्याचा संबंध नाही. ते नाव लेवी या ज्यू वंशावरून आले.

इंग्लंडच्या इतिहासाला या प्रश्नाने मोठी कलाटणी दिली. आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये आपल्या दिवंगत भावाच्या पत्नीशी, अ‍ॅरागॉनच्या कॅथरिनशी लग्न केले. त्यासाठी पोपची खास परवानगी लागली, आणि ती देणारा पोप होता तोच पुतण्या, दुसरा ज्युलियस. मुलगा होईना तेव्हा हेन्रीने लेव्हिटिकसचा आधार घेऊन म्हटले, की भावाच्या बायकोशी लग्न हे पापच. विरोधकांनी अनुवाद या पुस्तकातला दिराचा नियम पुढे केला. १५३३ मध्ये हा विवाह रद्दबातल ठरवला गेला, आणि या भांडणातून इंग्लंडचे चर्च रोमपासून तुटले.

घरातले आणखी दोन शब्द थोडक्यात. ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी, म्हणून बायकोच्या प्रेमात आकंठ बुडून तिच्याच तंत्राने चालणारा नवरा तो ‘अक्सोरिअस’. आणि ‘नोवेर्का’ म्हणजे सावत्र आई. त्यावरून ‘नोव्हर्कल’ हे विशेषण. या शब्दाच्या मुळाशी ‘नोवुस’, म्हणजे आपला ‘नव’ आहे. घरात नव्याने आलेली बाई, इतकाच मूळ आशय. दुष्टपणाचा रंग नंतरच्या कथांनी चढवला.

गोव्यातले पत्र आणि कोलकात्यातले भाषण

भारतीय भाषा आणि लॅटिन यांचे हे साम्य पहिल्यांदा नोंदवणाऱ्या युरोपीय लोकांत एक नाव मराठी साहित्याच्या इतिहासातले आहे: फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि मराठीत त्याने रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे म्हटले होते. ते पत्र विद्वानांपर्यंत पोहोचायला फार काळ गेला. पत्र लिहिल्यानंतर दोन शतकांनी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असे मांडले, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राला तिथून वेग आला.

म्हणून इंग्रजीतले अवघड लॅटिन शब्द पाहताना संस्कृत आठवावे. अग्नीपासून बनलेल्या खडकाला ‘इग्नियस’ म्हणतात; लॅटिन ‘इग्निस’ आणि संस्कृत ‘अग्नि’ हे सख्खे. वयाच्या मानाने फार लवकर तयार झालेल्या मुलाला ‘प्रिकोशस’ म्हणतात; ‘प्राए’ म्हणजे आधी आणि ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणे, पिकवणे. हा ‘कोक्वेरे’ संस्कृत ‘पच्’ धातूचा भाऊ. मराठीतला ‘अकालपक्व’ हा अगदी त्याच घडणीचा शब्द आहे.

याच ‘लवकर पिकणाऱ्या’ मुळातून एक फळही निघाले. रोमनांनी एका फळाला लवकर पिकते म्हणून तसे नाव दिले. ग्रीकांनी ते ‘प्राइकोकिऑन’ केले, अरबांनी त्याला ‘अल’ जोडून ‘अल-बरकूक’ म्हटले, आणि आयबेरियाच्या भाषांमधून ते इंग्रजीत पोहोचले तेव्हा त्याचा ‘एप्रिकॉट’ झाला होता. मराठीत ते फळ म्हणजे जर्दाळू.

कोंबड्या, जहाजांच्या चोची आणि दहावा सैनिक

इंग्रजीत छापलेल्या लग्नपत्रिकांत ‘ऑस्पिशस’ हा शब्द सर्रास येतो. ‘अविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. कोणतेही राजकार्य हाती घेण्याआधी रोमन अधिकारी पक्ष्यांचे उडणे, ओरडणे, दाणे टिपणे पाहून देवांची मर्जी ताडत. आपल्याकडचा ‘शकुन’ही मूळ संस्कृतात पक्षीच आहे. दोन दूरच्या संस्कृतींनी भविष्य पाहण्यासाठी आकाशाकडे सारखीच मान वर केली होती.

लष्करी मोहिमेवर रोमन लोक पवित्र कोंबड्यांचे खुराडेच बरोबर नेत. दाणे टाकल्यावर कोंबड्यांनी अधाशासारखे टिपले की शुभशकुन. इ.स.पू. २४९ मध्ये सिसिलीच्या द्रेपाना बंदराजवळ कार्थेजच्या आरमाराशी लढाई होती. पुब्लिउस क्लाउदिउस पुल्केर हा रोमन सेनापती. त्याच्या कोंबड्या काही केल्या दाण्याला तोंड लावेनात. खात नसतील तर पाणी तरी पिऊ देत, असे म्हणून त्याने त्यांना समुद्रात फेकले, अशी कथा रोमन लेखक सांगतात. लढाईत रोमनांची नव्वदहून अधिक जहाजे गेली आणि रोममध्ये पुल्केरवर खटला चालला. ‘पुल्केर’ म्हणजे सुंदर. इंग्रजीतला ‘पल्क्रिट्यूड’ त्याच मुळाचा. कानाला खडबडीत लागणाऱ्या या शब्दाचा अर्थ सौंदर्य आहे.

समुद्राशीच जोडलेला आणखी एक शब्द: रोस्ट्रम, म्हणजे वक्त्याचा मंच. लॅटिनमध्ये ‘रोस्ट्रुम’ म्हणजे पक्ष्याची चोच, आणि त्यावरून युद्धनौकेच्या नाळेवर शत्रूला धडक देण्यासाठी बसवलेला धातूचा सुळकाही. इ.स.पू. ३३८ मध्ये रोमनांनी आंतिउम, म्हणजे आजचे आंझिओ, हे बंदर जिंकले. तिथल्या जहाजांच्या चोची कापून त्यांनी रोमच्या चौकातल्या भाषणाच्या ओट्यावर शोभेला लावल्या. तेव्हापासून त्या ओट्याला ‘रोस्ट्रा’, चोचींचा मंच, हे नाव पडले. जीवशास्त्रात हा शब्द जुना अर्थ सांभाळून आहे. करवत माशाचा दातेरी सोंडेसारखा अवयव आजही रोस्ट्रमच.

‘डेसिमेट’ या शब्दामागे क्रूर हिशेब आहे. ‘डेकेम’ म्हणजे दहा, संस्कृत ‘दश’. एखादी रोमन तुकडी रणातून पळाली, तर तिचे दहा-दहा जणांचे गट करून चिठ्ठ्या टाकत आणि प्रत्येक गटातला एक सैनिक त्याच्याच साथीदारांकडून सोट्यांनी ठार मारवत. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव खायला देत. स्पार्टाकस या गुलामाने केलेल्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७१ च्या सुमारास, क्रासुस या सेनापतीने ही जुनी शिक्षा पुन्हा वापरली. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की आधी पळालेल्या पाचशे जणांचे त्याने पन्नास गट पाडले आणि प्रत्येकातला एक मारला. आज इंग्रजीत ‘डेसिमेट’ म्हणजे फार मोठा भाग नष्ट करणे. मूळ शब्दात मात्र मरणारा एक आणि वाचणारे नऊ होते.

काही शब्दांची प्रतिष्ठाच बदलली. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपात रमणारा तो ‘ग्रेगेरिअस’, आणि कळपातून उठून दिसणारा तो ‘एग्रीजस’. सोळाव्या शतकात इंग्रजीत एग्रीजस म्हणजे असामान्य, नामांकित. शतक सरता सरता तो वाईटासाठी वापरला जाऊ लागला, आणि आता एग्रीजस चूक म्हणजे डोळ्यांत खुपणारी, अक्षम्य चूक. इटलीत मात्र जुना मान टिकून आहे. तिथे औपचारिक पत्राच्या आरंभी ‘एग्रेजिओ’ लिहितात, आपण ‘श्रीयुत’ लिहितो तसे.

‘सिनेक्युअर’ची कथा चर्चमधली. भाविकांच्या आत्म्यांची काळजी वाहणे, लॅटिनमध्ये ‘कूरा’, हे पाद्र्याचे मुख्य काम. पण काही पदांना नुसते उत्पन्न जोडलेले असे. कामाची जबाबदारी नसे. अशी जागा ‘सिने कूरा’, म्हणजे काळजीविना. बिनकामाच्या पगारी पदाला इंग्रजीत आजही तेच नाव आहे.

उद्या, परवा आणि तिन्हीसांज

काम पुढे ढकलणे या अर्थी ‘प्रोक्रॅस्टिनेट’ आता बहुतेकांना माहीत असतो. ‘क्रास’ म्हणजे उद्या; उद्यावर टाकणे. कोशात त्याचा एक धाकटा भाऊही दडून आहे: पेरेंडिनेट. ‘पेरेंडिए’ म्हणजे परवा. ज्याला उद्याही नको वाटते, तो परवावर ढकलतो, आणि त्या क्रियेला इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे.

मराठीत ‘परवा’ मागचाही आणि पुढचाही. लॅटिनमध्ये दोन्ही वेगळे. मागच्या परव्याला रोमन लोक ‘नुदिउस तेर्तिउस’ म्हणत, म्हणजे ‘आता तिसरा दिवस’. आजचा दिवस धरून ते मोजत. मॅसॅच्युसेट्समध्ये राहिलेला धर्मोपदेशक नॅथॅनिएल वॉर्ड याने १६४७ मध्ये छापलेल्या पुस्तकात दरबाराची अगदी ताजी, परवाची फॅशन जाणण्यासाठी धडपडणाऱ्या स्त्रियांवर टीका करताना त्यावरून ‘नूडियसटर्शन’ असे विशेषण वापरले. शब्द चालला नाही, पण कोशात जागा मिळवून बसला.

दिवसाच्या प्रहरांसाठीही लॅटिनने देखणे शब्द दिले. पहाटेचे ते ‘मॅट्युटिनल’. ‘क्रेपुस्कुलुम’ म्हणजे संधिप्रकाश, म्हणून जे प्राणी भर दिवसा किंवा गडद रात्री न वावरता तिन्हीसांजेला आणि झुंजूमुंजू होताना चरायला निघतात, ते ‘क्रेपस्क्युलर’. रानससा आणि रातवा पक्षी यांना हे विशेषण लागू पडते. ‘वेस्पेर’ म्हणजे सायंकाळ आणि सायंकाळचा शुक्रतारा, त्यावरून ‘वेस्परटाइन’. गोव्यात चर्चच्या फेस्ताच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला आजही याच मुळातल्या शब्दाने ओळखतात. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळाला रोमन लोक ‘वेस्पेर्तिलिओ’ म्हणत, आणि निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये वटवाघळांच्या प्रजातीला तेच नाव दिले.

दीडफुटी शब्द

लॅटिनमध्ये ‘सेमिस’ म्हणजे अर्धा आणि ‘क्वे’ म्हणजे आणि, संस्कृतातला ‘च’. दोन्ही मिळून ‘सेस्क्वि’, म्हणजे दीड. इंग्रजीत दीडसाठी एकच साधा शब्द नाही, म्हणून तिला हा उपसर्ग उसना घ्यावा लागला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. २००७ मधला त्याचा शतकोत्तर सुवर्णमहोत्सव म्हणजे इंग्रजीतले ‘सेस्क्विसेंटेनिअल’.

होरेस या रोमन कवीने काव्यकलेवर लिहिताना म्हटले, की शोकांतिकेतल्या राजावर निर्वासिताचे दारिद्र्य आले की तो फुगीर बोलणे आणि दीडफुटी शब्द टाकून देतो, तेव्हाच त्याचे दुःख प्रेक्षकाच्या काळजाला भिडते. त्याच्या त्या ‘दीडफुटी’ वरून इंग्रजीत ‘सेस्क्विपेडालियन’ आला. लांबलचक शब्दांचे व्यसन असलेल्या लेखकाला आणि त्या शब्दांनाही तो लावतात, आणि तो स्वतःही पुरेसा लांब आहे.

अशा शब्दांत शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ नाटकातला सत्तावीस अक्षरी ‘ऑनॉरिफिकाबिलिट्यूडिनिटॅटिबस’ प्रसिद्ध आहे. मान मिळण्यास पात्र असण्याची अवस्था, असा त्याचा आशय. एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी १९१० मध्ये या शब्दातली अक्षरे उलटसुलट जुळवून एक लॅटिन वाक्य काढले आणि शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिल्याचा दावा केला. दावा टिकण्यासारखा नव्हता. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये बेकनच्या कितीतरी आधीपासून होता. इटालियन कवी दान्तेनेही लांब शब्दाचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला आहे.

त्याहून दोन अक्षरांनी लांब आहे ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. लॅटिन व्याकरण शिकवताना इंग्लंडमध्ये मुलांकडून ‘फ्लोक्की, नाउकी, निहिली, पिली’ अशी यादी पाठ करून घेत. लोकरीचा धागा, फळाचे टरफल, काहीच नाही, आणि केस. या सगळ्यांचा उपयोग ‘कवडीचीही किंमत न देणे’ असे सांगण्यासाठी होई. कोणीतरी चारही एकत्र गुंफले. कवी विल्यम शेन्स्टन याच्या १७४१ सालच्या पत्रात हा शब्द आढळतो, आणि २०१२ मध्ये खासदार जेकब रीस-मॉग यांनी तो ब्रिटिश संसदेत उच्चारला. मराठीत याच भावनेला ‘कस्पटासमान लेखणे’ म्हणतात.

गोड कथांपासून सावध

शब्दांच्या जन्मकथा सांगताना एक धोका असतो. कथा रंजक असली की ती खरी मानली जाते. ‘सिन्सिअर’ हा शब्द ‘सिने केरा’, म्हणजे ‘मेणाविना’, यावरून आला असे अनेकदा सांगितले जाते: लबाड शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवत, प्रामाणिक शिल्पकार बुजवत नसत. या कथेला पुरावा नाही. लॅटिन ‘सिन्केरुस’ म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेला, आणि मेणाशी त्याचे नाते सिद्ध झालेले नाही.

‘सॅलरी’चेही तसेच. ‘सालारिउम’ हा शब्द ‘साल’, म्हणजे मिठापासून बनला, इथपर्यंत ठीक. पण रोमन सैनिकांचा पगार मिठाच्या रूपात देत, या लोकप्रिय विधानाला आधार मिळत नाही. त्यांना नाणी मिळत आणि त्या वेतनाला ‘स्तिपेंदिउम’ म्हणत. इंग्रजी ‘स्टायपेंड’ तिथूनच आला.

ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी एक साधी सवय लावून घ्यावी. इंग्रजी कोशात अर्थ पाहिल्यावर लगेच पान उलटू नये. त्या नोंदीत दिलेली व्युत्पत्ती आणि शब्दाच्या वापराचा सर्वांत जुना पुरावाही वाचावा. शब्दाचे तुकडे पाडावेत, लॅटिन मूळ पाहावे, आणि त्याला संस्कृतात भावंड आहे का ते शोधावे. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश शेजारी ठेवला तर ‘लेव्हिरेट’ वाचता वाचता ‘दीर’ आणि ‘नेपोटिझम’ वाचता वाचता ‘नातू’ सापडेल. जी कथा ऐकायला फार गोड वाटेल, तिचा पुरावा मात्र आधी मागावा आणि मगच ती दुसऱ्याला सांगावी.